कमिटी आहे, मग युनियन कशाला?

(हिंगोलीतील तरुणांच्या बैठकीत केलेले भाषण)



हिंगोली-वसमतच्या हळद बाजारात पोती उचलणारे हमाल, सेंट्रिंगवर जाणारे मजूर, गॅरेजमधली पोरं, घरी बसून शिवणकाम करणाऱ्या आपा आणि खाला. ही सगळी आपल्याच घरातली माणसं. त्यांच्यापुढे युनियनचा विषय काढला की मला एकच उत्तर मिळतं : ‘आमची कमिटी आहे ना, मग युनियन कशाला?’

कमिटी आजारपणाला, लग्नाला मदत करते. ते मोलाचंच आहे. पण मजुरीचा दर मागायला दहा जणांनी मिळून काम थांबवलं, तर कमिटीची पावती कोर्टात उपयोगी पडत नाही. १९२० साली मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांच्या तंट्यात मालकांनी युनियनचे नेते बी. पी. वाडिया यांच्यावर दावा लावला आणि हायकोर्टाने त्यांना मनाई हुकूम दिला. त्यानंतर आपल्या कोकणातले ना. म. जोशी यांनी १९२१ मध्ये कायदेमंडळात ठराव मांडला आणि १९२६ चा ट्रेड युनियन कायदा आला. तेव्हा आपला भाग निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात कामगारांना एकत्र करणाऱ्यांत उर्दू कवी मख्दूम मोहिउद्दीन पुढे होते. म्हणजे हा वारसा आपल्याला परका नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२६ च्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहिता, २०२० ने घेतली आहे. नोंदणीची चौकट बरीचशी तीच आहे. अर्जावर किमान ७ सभासदांच्या सह्या लागतात. शिवाय त्या ठिकाणच्या किंवा उद्योगातल्या कामगारांपैकी १० टक्के किंवा १००, यांतली कमी असेल ती संख्या सभासद हवी. पण ७ पेक्षा कमी चालत नाही. समजा ४० कामगार आहेत, तर १० टक्के म्हणजे ४, तरी ७ लागतील. १५० असतील तर १५. तीन हजार असतील तर १०० पुरेत. पत्ता, पदाधिकाऱ्यांची माहिती आणि नियमावली जोडून अर्ज रजिस्ट्रारकडे द्यायचा. नकार आला तर अपील करता येतं.

आणखी एक गोष्ट नीट ऐका. युनियनच्या बाबतीत ‘कामगार’ या शब्दात असंघटित क्षेत्रातले मजूर, स्वतःचा धंदा करणारे आणि घरी बसून काम करणारेही येतात. म्हणजे शिलाई मशीनवर बसलेली खालासुद्धा.

नोंदणीने काय मिळतं? युनियनला कायद्याच्या नजरेत स्वतःचं अस्तित्व येतं. तिच्या नावावर मालमत्ता घेता येते, दावा लावता येतो. कायदेशीर मागणीसाठी एकत्र आलात म्हणून कटाचा गुन्हा लागत नाही. मात्र मारहाण, तोडफोड केली तर हे कवच नाही. आणि दरवर्षी तपासलेला हिशेब रजिस्ट्रारला द्यावाच लागतो.

नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे. एका ठिकाणी अनेक युनियन असतील, तर वाटाघाटीचा एकटीचा हक्क ५१ टक्के कामगार ज्या युनियनच्या मागे आहेत तिला मिळतो. हमालांनी हेही लक्षात ठेवावं की १९६९ च्या माथाडी कायद्याखाली मंडळात नाव नोंदवणं हे वेगळं काम आहे. दोन्ही करा.

काही तरुण मला म्हणतात, ‘फक्त आपल्या लोकांची युनियन काढू.’ मी स्पष्ट सांगतो, नका काढू. पोत्याचं वजन जात-धर्म बघून कमी होत नाही आणि हमालीचा दरही सगळ्यांना एकच असतो. कायदा १० टक्के मोजतो ते कामगारांचे, मोहल्ल्याचे नाही. आणि ५१ टक्क्यांपर्यंत जायचं तर शेजारच्या दलित, मराठा, बंजारा भावाची सही लागणारच.

तुम्ही शिकलेले आहात, फॉर्म भरता येतो. या आठवड्यात आपापल्या कामाच्या ठिकाणी किती लोक आहेत ते मोजा आणि सात नावं लिहून आणा. नियमावलीचा मसुदा आपण मिळून करू.

जय हिंद.