शेवटच्या सायकलस्वाराची सहल



पाऊस ओसरला, दिवाळी पार पडली की सह्याद्रीच्या घाटांत सायकलींचे जथे दिसू लागतात. त्यांतल्या काहींच्या मागे ना गाडी असते, ना सामानाचा टेंपो. कपडे, अंथरूण, तंबू, भांडी, हत्यारं, सगळं सायकललाच बांधलेलं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, यांचं सायकलवर. याला बाइकपॅकिंग म्हणतात. सहा-आठ जणांनी मिळून डोंगर-जंगलातून अशी सहल करायची, तर ती आखावी कशी आणि पार कशी पाडावी, याबद्दल आज बोलणार आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. गटाचा वेग म्हणजे गटातल्या सगळ्यात मागच्या माणसाचा वेग. होतं काय, की गटातला सर्वांत दमदार गडी नकाशा घेऊन बसतो आणि स्वतःला झेपेल तेवढं अंतर सगळ्यांच्या माथी मारतो. मग दुपारी घाटात गटाचे दोन तुकडे होतात. पुढचे थांबून थांबून वैतागलेले, आणि मागचे संकोचापायी पाणी प्यायलाही न थांबणारे. चुकामूक, उन्हाचा त्रास, उतारावरची घाई, या सगळ्यांचं मूळ इथे असतं. म्हणून अंतर, वजन, जेवण, मुक्काम, सगळं मागच्या माणसाला धरून ठरवायचं.

उदाहरणादाखल एक वाट घेऊ. सातारा, कास, बामणोली, तापोळा, महाबळेश्वर, पाचगणी, वाई आणि पुन्हा सातारा. जिथून निघालो तिथेच परत येतो, त्यामुळे सायकली गाडीत घालून आणायची यातायात नाही. तीन दिवस पुरतात. पहिल्या दिवशी साताऱ्याहून बामणोली, ३५ ते ४० किलोमीटर. दुसऱ्या दिवशी कोयनेच्या शिवसागर जलाशयातून लाँचने तापोळा आणि तिथून महाबळेश्वरचा चढ, २५ ते ३० किलोमीटर. तिसऱ्या दिवशी पाचगणी, पसरणी घाट, वाई करत सातारा, सुमारे ७० किलोमीटर. पण त्यात उतार आणि सपाटीच जास्त.

किलोमीटर बघून फसू नका. डोंगरात उंची मोजायची असते. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे, कास पठार सुमारे १२०० मीटरवर. शहर सुटलं की लगेच यवतेश्वरचा घाट लागतो. पुढे बामणोलीला जलाशयाच्या काठी उतरलात की पुन्हा साडेसहाशे मीटरच्या आसपास येता. म्हणजे पहिल्या दिवशी कमावलेली सगळी उंची संध्याकाळी खर्ची पडलेली असते, आणि दुसऱ्या दिवशी महाबळेश्वरसाठी नव्याने ७०० मीटर चढायचे असतात.

आता हिशेब मांडू. धडधाकट पण सवय नसलेला माणूस सामानासह तासाला २०० ते २५० मीटर उंची चढतो, असं मी धरतो. तयारीचा माणूस ४०० चढेल. म्हणजे तापोळ्याहून निघाल्यावर पुढचा गडी दोन तासांच्या आत वर, आणि मागच्याला नुसत्या चढाईलाच तीन-साडेतीन तास. त्यात विश्रांती, खाणं आणि एखादं पंक्चर धरलं की झाले पाच तास. दिवसाची आखणी या पाच तासांवर करायची. त्यावर दोन तास राखीव ठेवायचे आणि अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचता येतं का ते बघायचं. येत नसेल, तर माणसं बदलायची नाहीत, टप्पा कमी करायचा.

पुढच्याचा आणि मागच्याचा वेग जवळ आणायचा एक उपाय मात्र आहे. ओझ्याची वाटणी. तंबू, स्टोव्ह, पातेली, मोठा पंप ही सामायिक चीजवस्तू दमदार सायकलस्वारांनी घ्यायची. मागच्याकडे फक्त त्याचे कपडे, अंथरूण आणि पाणी. पाच किलो इकडचे तिकडे झाले तरी घाटात फरक कळतो. शिवाय ज्याच्याकडे स्टोव्ह आहे त्याला चहासाठी सगळ्यांची वाट पाहावीच लागते!

सोबती किती असावेत? सहा ते आठ. त्याहून जास्त झाले तर दोन गट करा. दिवसाला २०० किलोमीटर तोडणारा माणूस अशा सहलीला चांगलाच असेल असं नाही. दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीत, साडेतेरा तासांची मुदत असते आणि ती ज्याची त्याने गाठायची असते. इथे थांबता येणं हेच कौशल्य. निघण्याआधी महिनाभर सगळ्यांनी एकदा समोरासमोर बसा. खर्चाची सामायिक रक्कम, आयत्या वेळी कोणी गळालं तर पैशांचं काय, स्वयंपाक कोणाकडे, दुरुस्ती कोणाकडे, प्रथमोपचार कोणाकडे, हे तेव्हाच बोलून टाका. कोणाला मधुमेह, दमा, रक्तदाब असेल तर निदान दोघांना तरी ते माहीत हवं. प्रत्येकाने रक्तगट, चालू औषधं आणि घरचा नंबर लिहिलेलं कार्ड हँडलच्या पिशवीत ठेवावं. गटात स्त्रिया असतील तर मुक्कामाच्या ठिकाणी स्वच्छतागृह कसं आहे, हे आधीच विचारून घ्या.

आणि एक सरावफेरी हवीच. पुण्याची मंडळी सिंहगड किंवा बापदेव घाट गाठतील, साताऱ्याची यवतेश्वर. पण पूर्ण सामान बांधून. रिकाम्या सायकलवर केलेला सराव हा सराव नव्हेच.

आता सायकल. भारी किमतीची लागत नाही, हलका गिअर लागतो. पुढच्या सर्वांत लहान चेनरिंगचे दात मागच्या सर्वांत मोठ्या चकतीच्या दातांपेक्षा कमी, निदान सारखे असावेत. नाहीतर सामानासह चढावर गुडघे बोलू लागतात. टायर ४० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असावेत. सामान बांधताना जड वस्तू चौकटीतल्या पिशवीत, खाली आणि मधोमध. हँडलला अंथरूण आणि तंबूचं कापड, सीटमागे कपडे. एकूण ओझं, पाणी सोडून, आठ-दहा किलोंच्या पुढे जाऊ देऊ नका.

हत्यारांमध्ये ट्यूब, पंक्चरचं सामान, टायर लिव्हर, ॲलन की, चेन तोडायचं हत्यार आणि चेनची जोडकडी. ही कडी तुमच्या चेनच्या मापाचीच हवी. ब्रेक पॅडचा जादा जोड हवा. आणि एक छोटा तुकडा लोक हमखास विसरतात. मागचा डिरेलर ज्यावर बसतो तो हँगर. सायकल उजव्या कुशीवर पडली की तो वाकतो किंवा मोडतो, आणि मग गिअर पडत नाहीत. दर मॉडेलचा हँगर वेगळा असतो, मित्राचा तुम्हाला चालेलच असं नाही. म्हणून प्रत्येकाने आपापला, चौकटीला चिकटपट्टीने बांधून ठेवावा.

पाण्याचं बोलू. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणून पाण्याची ददात नसेल असं वाटतं. पण पठारावर जांभा खडक आणि मातीचा पातळ थर. पाणी वाहून जातं, आणि जानेवारी-फेब्रुवारीत बरेच ओढे कोरडे पडतात. दरडोई तीन लिटर बरोबर ठेवा आणि गावात भरून घ्यायची संधी सोडू नका. कासचा तलाव दिसला की हात-पाय, भांडी धुवायचा मोह होतो. ते पाणी साताऱ्याच्या घराघरांत जातं, त्यामुळे तिथे ते करू नये. घाम फार गेला तर नुसतं पाणी पुरत नाही. लिंबू-मीठ-साखर किंवा ओआरएस हवं.

खाण्याबाबत आपलं स्वयंपाकघर फार कामाचं. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गुळदाणी, राजगिऱ्याचे लाडू, केळी. दर तासाला थोडं थोडं खायचं. भूक लागेपर्यंत थांबलात तर चढावर एकाएकी पायातलं बळ जातं. रात्रीचं जेवण मात्र गावात सांगून ठेवा. बामणोली-तापोळ्याला घरगुती मुक्कामाची आणि जेवणाची सोय होते. भाकरी-पिठलं गरम मिळतं आणि चार पैसे गावात राहतात. त्याच फोनवर लाँचवाल्यालाही विचारून घ्या, सायकली घेणार का, एका फेरीत किती आणि सकाळी किती वाजता.

आता प्रत्यक्ष रस्त्यावर. सगळ्यात मागे कोणी राहायचं? गटातल्या सर्वांत अनुभवी माणसाने. हत्यारं आणि औषधांची पेटी त्याच्याकडे, कारण मोडतोड झालेला माणूस आपोआप मागे पडतो आणि मदत त्याच्यापर्यंत मागूनच येते. पुढे मध्यम वेगाचा, वाट माहीत असलेला. चढावर ज्याने त्याने आपल्या दमाने चढावं. मात्र प्रत्येक फाट्यावर पुढच्याने थांबायचं आणि मागचा दिसल्याशिवाय हलायचं नाही. तो त्याच्या मागच्यासाठी थांबेल. एवढा एकच नियम पाळला तर कोणी हरवत नाही, फोनला रेंज नसली तरी. बामणोलीकडे रेंज जाते, तेव्हा नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या आणि एक कागदी प्रतही ठेवा. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी असू द्या. तीन लांब शिट्ट्या म्हणजे सगळ्यांनी थांबायचं, हे ठरवून टाका. आणि मागच्याने गाठलं की पुढच्यांनी लगेच सायकल दामटू नये. तो आला म्हणजे त्याची विश्रांती आता सुरू झाली!

चढावर माणूस दमतो, पडतो तो उतारावर. पसरणी घाटात सामानासह सायकल भलतीच पळते. ब्रेक सलग दाबून ठेवू नका. वळणाआधी दोन्ही ब्रेकांनी वेग कमी करा, वळणात सोडून द्या. रिमचे ब्रेक असतील तर रिम तापून ट्यूब फुटू शकते. डिस्क असेल तर तापल्यावर पकड कमी होते, आणि तबकडीला हात लागला तर चटका बसतो. दोन सायकलींत २०-३० मीटर अंतर ठेवा. आंधळ्या वळणावर एसटी आली तर तिला अख्खा रस्ता लागतो. आपण डावीकडे, एका ओळीत. झाडांखाली साचलेल्या पाचोळ्यात खड्डा आणि खडी दोन्ही लपतात.

जंगलाचे नियम वेगळे. जलाशयाच्या पलीकडे वासोटा किल्ल्याच्या बाजूला कोयना अभयारण्य आहे. ते आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथे परवानगीशिवाय शिरता येत नाही. अभयारण्यात आग लावणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि अभयारण्याबाहेरही फेब्रुवारीनंतर वाळल्या गवतात एक ठिणगी वणव्याला पुरते. तेव्हा शेकोटी नकोच. कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत आहे. तिथे सायकल रस्त्यावरच. चाकाखाली आलेल्या मातीत पुढच्या पावसाळ्याची रोपं दडलेली असतात. फुलांच्या हंगामात, ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, शनिवार-रविवारी तिकडे गाड्यांची रीघ लागते. सायकल सहलीला नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा.

रस्त्यावर गवा दिसला तर थांबा. घंटी नको, फोटोसाठी पुढे जाणं नको. त्याला जाऊ द्या, आणि कळपापासून सुटलेला एकटा गवा असेल तर आणखी अंतर ठेवा. आग्या मोहळाखाली धूर करू नका, उग्र अत्तर टाळा. माश्या उठल्याच तर हात झाडत उभं न राहता तोंड झाकून लांब पळा. साप चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही करू नका. तो अवयव हलू देऊ नका आणि थेट रुग्णालय गाठा. रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर संकटासाठी ११२. दर मुक्कामापासून सर्वांत जवळचं रुग्णालय कोणतं, हे निघण्याआधी लिहून ठेवा.

माघार कशी घ्यायची, हेही आधीच ठरवा. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाचं गुडघ्याचं दुखणं वाढलं, तर बामणोलीहून पिकअप करून सायकलसह साताऱ्याला परतता येतं. कोणी तरी एक जण त्याच्याबरोबर जाणार, हे आधी ठरलेलं असलं की त्या माणसाला दुखणं लपवावंसं वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी थोडा वेळ हाताशी ठेवा. पाचगणीजवळ भिलार आहे, २०१७ पासूनचं पुस्तकांचं गाव. घरोघरी पुस्तकं मांडलेली. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर शेतातल्या स्ट्रॉबेऱ्याही मिळतील. पण तिथे थांबायचं असेल तर वाईच्या पुढचे ३५ किलोमीटर उन्हात करायचे आहेत हे विसरू नका, आणि महाबळेश्वर सकाळी सातला सोडा.

तर श्रोतेहो, कोणी सोबत यायला तयार असेल तर या आठवड्यात दोन कामं करा. सगळ्यांना एकत्र बोलवा आणि सरावफेरीची तारीख पक्की करा. त्या फेरीत सगळ्यात मागे कोण राहिलं, त्याला चढायला किती वेळ लागला, ते लिहून ठेवा. तुमच्या सहलीचा नकाशा त्या एका आकड्यापासून आखायला घ्या.