वारीसाठी हलके पाल
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



या सभेत मी चार शब्द बोलावेत असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी त्यांना म्हटले की मी सातवी शिकलेली बाई, मला व्याख्यान कुठून येणार? त्या म्हणाल्या, "तुम्ही पाल शिवता ना, त्यावरच बोला." म्हणून पालावरच बोलते. भिंतीवरची पाल नव्हे, डोक्यावरचे पाल!

आपल्या मुक्ताईची पालखी ज्येष्ठात कोथळी-मुक्ताईनगरहून निघते आणि बुलढाणा, जालना, बीड अशी वाट चालून आषाढीला पंढरपुरास पोचते. महिन्याहून अधिक चाल होते. निघताना डोक्यावर ऊन असते आणि पुढे पाऊस गाठतोच. ज्यांनी दिंडीची भिशी भरली आहे त्यांना राहुटीत जागा मिळते. परंतु दोघी-तिघी मिळून मागून चालणाऱ्या बायाही असतात. त्यांना शाळेचा ओटा नाही तर देवळाची पडवी. रात्री सर आली म्हणजे सगळी माणसे आत सरकतात आणि बाईमाणूस पागोळीखाली राहते. अंगावरचे लुगडे भिजले तर बदलायला आडोसा नाही. आपल्याच आळीतल्या तिघींनी मला सांगितले की, "पाय चालतील हो, पण रात्रीचे काय?" एवढ्यासाठी बाईची वारी राहावी हे मला काही पटत नाही. म्हणून दोघींना पुरेल, एकीच्या खांद्यावर मावेल आणि पुरुषमाणसाला हाक न मारता उभे करता येईल, असे पाल मी शिवू लागले.

आता कापडाचे सांगते. रस्त्यावर मिळतो तो प्लास्टिकचा कागद खाली अंथरायला चांगला. त्याचेच पाल केले तर पहाटे आपल्याच श्वासाची वाफ आतून थेंब होऊन अंगावर गळते, आणि बायका म्हणतात पाल गळते! शिवाय कोपऱ्यात फाटायला त्याला वेळ लागत नाही.

मांजरपाटाचे पाल स्वस्त पडते व आत कोंदट होत नाही. मात्र त्याला आधी पाणी न शोषण्याची सवय लावावी लागते. नवे कापड उकळून त्यातली खळ काढून टाकावी. पाव किलो साबणाचा कीस चार लिटर कढत पाण्यात विरघळवून त्यात कापड चांगले मुरू द्यावे, हलके पिळावे, आणि मग आठ लिटर पाण्यात सव्वाशे ग्रॅम तुरटी विरघळवून त्यात बुडवावे. साबण आणि तुरटी एकत्र आली की धाग्याधाग्यात मेणचट थर बसतो, तो पाण्यात विरघळत नाही. साबण मात्र खरा धुण्याच्या वडीचा हवा. आजकालच्या पावडरीने हे काम होत नाही. बोअरचे जड पाणीही घेऊ नये, त्यात साबणाचा नुसता चोथा होतो. असे पाल पुन्हा साबणाने धुवायचे नाही. आणि पावसात आतून त्याला बोट किंवा डोके टेकवू नये. जिथे टेकेल तिथूनच पाझर सुरू होतो.

जवसाचे तेल चोपडून कापड करण्याची जुनी रीत आहे, पण मी ती कुणाला सांगत नाही. कापड पिवळे आणि ताठ होते हे एक. दुसरे म्हणजे त्या तेलाची फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकली की ती आतल्या आत तापून आपोआप पेट घेऊ शकतात.

वाहून न्यायला मांजरपाट जडच. कोरडे पाल दीड किलोपर्यंत भरते आणि भिजले की दुप्पट होते. म्हणून हल्ली मी छत्रीचे कापड घेते. फुले मार्केटात ते मिळते, आणि सगळे पाल एका किलोच्या आत बसते. पाच फूट पन्ह्याचे कापड घेऊन दहा फूट लांबीच्या दोन पट्ट्या कराव्यात, एक पाच फुटी आणि दुसरी कापून चार फुटी. दोन्ही सारख्या केल्या तर जोड नेमका आढ्यावर येतो, आणि ताण तिथेच सर्वांत जास्त. लहानमोठ्या केल्या की जोड उतारावर सहा बोटे खाली येतो. शिवण दुहेरी दुमडीची घालावी आणि कौलांप्रमाणे वरचा काठ खालच्यावर यावा. घर शाकारलेले ज्यांनी पाहिले आहे त्यांना जास्त सांगायला नको.

तरी सुईच्या भोकांतून पाणी येतेच. त्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात सिलिकॉनची नळी मिळते. निखळ सिलिकॉनची मागावी, भिंतीच्या भेगा भरायच्या ॲक्रेलिकची नको. एक भाग सिलिकॉनला तीन भाग टर्पेंटाइन घालून बरणीत खूप हलवावे आणि शिवणीवर ब्रशाने लावावे. सगळ्या कापडावर हात फिरवायचा असेल तर दहा भाग टर्पेंटाइन घालून पातळ करावे. हे काम गच्चीवर किंवा अंगणात, विस्तवापासून दूर करावे. दिवसभर वाळू द्यावे व वर अंगाला लावायची पावडर भुरभुरावी, म्हणजे घडी चिकटत नाही. मग कापडाची झोळी करून तीत तांब्याभर पाणी ओतावे आणि खाली हात धरावा. तळहात कोरडा राहिला की झाले.

दोरी बांधायला कापडाला भोके पाडूच नयेत. आतून एक गुळगुळीत गोटा धरावा आणि बाहेरून त्याच्या मानेला दोरी आवळावी. भोकच नाही तर गळणार कुठून?

उभारण्याचे मला धुळ्याच्या माझ्या जाऊबाईंनी शिकवले. साक्रीकडचे ठेलारी मेंढपाळ घोड्यावर बिऱ्हाड लादून फिरतात. त्यांच्या बाया पाल कसे ठोकतात ते जाऊबाईंनी लहानपणापासून पाहिलेले. त्या म्हणतात, "पानी कथा जास ते आधी देख, मंग पाल ठोक." जागा नुसती सपाट बघून चालत नाही, पाणी वाहून कुठे जाईल ते आधी पाहायचे. तीन-तीन फुटांच्या दोन काठ्या, मधे ताणलेली दोरी, तीवर पाल. खाली साडेसहा फुटांची जागा होते. पावसाळी वारा आपल्याकडे पश्चिमेचा, म्हणून तोंडे उत्तर-दक्षिण करावीत आणि दोन्ही तोंडांना जुने लुगडे सोडावे. आडोसा होतो व लुगडे बदलता येते. काळ्या मातीत लहान खुंटी पाऊस पडताच सुटते. हातभर लांबीच्या बाभळीच्या खुंट्या घ्याव्यात आणि पालाकडून बाहेर कलत्या ठोकाव्यात, किंवा पिशवीत दगड भरून तिला दोरी बांधावी. सुती दोरी भिजली की आखडते आणि खुंटी उपटते, म्हणून ढग दिसताच ती जरा सैल करावी. नायलॉनची दोरी उलट सैल पडते, तिला ताण द्यावा. पालात स्टोव्ह पेटवायचा नाही, कितीही पाऊस असो.

आणखी एक. वीज कडाडू लागली तर पाल तिथेच सोडून पक्क्या घरात किंवा शाळेत जायचे; एकट्या झाडाखाली तर मुळीच थांबायचे नाही. 1297 मध्ये तापीकाठी मेहूणला वीज कडाडली आणि मुक्ताई अंतर्धान पावली अशी आपली श्रद्धा आहे. तो तिचा अधिकार. आपल्याला पंढरपूर गाठून घरी परत यायचे आहे.

बाहेर अंगणात दोन पाल उभी करून ठेवली आहेत, एक मांजरपाटाचे आणि एक छत्रीच्या कापडाचे. चहा झाल्यावर दोघी-दोघींनी ती सोडून पुन्हा उभी करून पाहावीत. नळाजवळ बादल्या भरलेल्या आहेत. वरून पाणी खुशाल ओता.