जखमी बालकाचा रक्तस्राव : औषध आणि वेळ



वीस किलो वजनाच्या बालकाच्या अंगी सुमारे दीड लिटर रक्त असते. प्रौढ माणूस 350 मिलिलिटर रक्तदान करून चहा घेऊन घरी जातो. तेवढेच रक्त या बालकाने गमावले तर जवळजवळ चौथा हिस्सा गेला. मुलांचा रक्तदाब बराच वेळ तग धरतो आणि मग एकाएकी कोसळतो. म्हणून मूल बोलत आहे एवढ्यावर विसंबून राहू नये.

जखम झाली की शरीर तेथे रक्ताच्या गुठळीचा बांध घालते. मोठ्या दुखापतीत तो बांध विरघळविणारी क्रियाही जोर धरते. तिला आवर घालणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे औषध जपानमधील शोसुके व उताको ओकामोतो या दांपत्याने 1962 साली पुढे आणले. 2010 साली 40 देशांतील वीस हजारांहून अधिक जखमी प्रौढांवरील परीक्षणाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांत भारतीय रुग्णही होते. पहिल्या तासात दिलेल्या औषधाचा गुण सर्वांत अधिक दिसला. तीन तासांनंतर मात्र त्याने अपायच संभवतो, असे आढळले. जखमी मुलांविषयीचा पुरावा अद्याप तुटपुंजा आहे. वजन पाहून मात्रा ठरविणे आणि औषध शिरेवाटे देणे हे डॉक्टरांचेच काम. याच्या गोळ्याही मिळतात. परंतु शाळेच्या प्रथमोपचार पेटीत त्यांचे प्रयोजन नाही.

मग शिक्षकाच्या हाती काय उरते? पुष्कळ उरते. सेनगाव वा औंढा नागनाथ तालुक्यातील आडवळणाच्या गावाहून हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत पोचण्यातच, विशेषतः पावसाळ्यात, त्या तीन तासांतील मोठा भाग खर्ची पडू शकतो. तोवर रक्त थोपवावयाचे ते हाताने. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून तळहाताने घट्ट दाबावी व दाब सोडू नये. घडी भिजली तर ती न काढता वर दुसरी ठेवावी. जखमेत पत्र्याचा वा काचेचा तुकडा रुतला असेल तर तो उपसू नये, त्याच्या बाजूंनी दाबावे. आपला जिल्हा हळदीचा. त्यामुळे हात आधी हळदीच्या डब्याकडे जातो. घरच्या स्वयंपाकात ती शोभते. वाहत्या जखमेत हळद, चुना वा चहाची पूड घातल्याने जखम मळते आणि दाबण्याचे राहून जाते.

एकाने दाब धरावा, दुसऱ्याने 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. एका चिठ्ठीवर दुखापतीची नेमकी वेळ आणि आरोग्य तपासणीच्या नोंदवहीतील मुलाचे वजन लिहावे. ‘दुपारी केव्हातरी’ या उत्तरावर डॉक्टरांना तीन तासांचा हिशेब करता येत नाही. ती चिठ्ठी घेऊन शिक्षकांपैकी एकाने मुलाबरोबर जावे. पालकांना निरोप वाटेतून देता येतो.