गोठ्याची भिंत

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तरुण मंडळींपुढें धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या वर्षीं नाताळचा गोठा विशेष शोभिवंत व्हावा अशी इच्छा तुम्हीं व्यक्त केली आहे, ती सर्वथा योग्य होय. परंतु तयारीस लागण्यापूर्वीं गतवर्षींची माझी एक चूक तुमच्यापुढें कबूल करणें मला अवश्य वाटतें.

गोठ्यामागील भिंत मींच करविली होती. पुठ्ठ्यास तांबडा रंग दिला, पट्टी धरून आडव्या-उभ्या पांढऱ्या रेघा ओढविल्या, आणि वीटकाम झालें असें मानलें. मध्यरात्रीच्या मिस्साबलिदानानंतर आपल्यांतील एक वृद्ध गवंडी, ज्यांचे हात आतां कांपतात, गोठ्यापुढें बराच वेळ गुडघे टेकून होते. उठतांना ते हळूच म्हणाले, "फादर, ह्या भिंतीखालीं बाळाला निजवूं नका. हिच्यांत सांधेमोड नाहीं." मीं हंसून म्हटलें, "अहो, पुठ्ठ्याची भिंत पडणार कशी?" त्यावर ते इतकेंच बोलले, "पण बाळ खरें मानूनच आपण गुडघे टेकले ना?" मजपाशीं उत्तर नव्हतें.

आणि खरोखर, गोठ्याची परंपराच तशी आहे. संत फ्रान्सिस यांनीं सन १२२३ मध्यें इटलींतील ग्रेच्चो गांवीं गवतानें भरलेली गव्हाण मांडून जिवंत बैल व जिवंत गाढव उभें केलें, तें प्रभूचें दारिद्र्य लोकांच्या डोळ्यांस प्रत्यक्ष दिसावें म्हणून. पुढें अठराव्या शतकांत नेपल्स शहरच्या कारागिरांनीं ही कला परमोत्कर्षास नेली. बुचाची साल, लाकूड व भाजलेली माती यांपासून त्यांनीं खाणावळी, बाजार व मोडकळीस आलेलीं रोमन मंदिरें उभारलीं. सन १८७९ मध्यें मिकेले कुचिनिएल्लो यांनीं दान केलेला तसला एक भव्य गोठा तेथील सान मार्तिनो संग्रहालयांत आजही आहे. बेथलेहेमचीं घरें दगडाचीं. परंतु नेपल्सच्या लोकांनीं प्रभूस आपल्याच गल्लींत जन्मास आणिलें. मग आपण आपल्या वीट-कौलांच्या घरांची लाज कां धरावी?

आतां कामाकडे वळूं. प्रथम माप. आपल्या मेंढपाळाची मूर्ति ८ सेंटिमीटर उंच आहे, म्हणजे मनुष्याच्या सुमारें विसाव्या हिश्शाची. तेव्हां भिंतही त्याच हिश्शानें लहान झाली पाहिजे. हल्लींची प्रमाणित वीट १९ सेंटिमीटर लांब, ९ रुंद व ९ जाड असते. सांधा धरून २०, १० व १०. म्हणून आपली वीट सांध्यासह १० मिलिमीटर लांब व ५ उंच होईल, आणि सांधा केवळ अर्धा मिलिमीटर. ३० सेंटिमीटर लांब व २० उंच भिंतीस ४० थर, म्हणजे सुमारें १२०० विटा लागतील. आंकडा ऐकून भिऊं नका. आपल्यांत हात पुष्कळ आहेत. कुंभाराची माती सारख्या जाडीच्या दोन पट्ट्यांमध्यें लाटून विटा कापाव्या. वाळतांना माती आटते, म्हणून त्या किंचित् मोठ्या ठेवाव्या. थर्मोकोल मात्र नको. शोभेच्या थर्मोकोलवर आपल्या राज्यांत सन २०१८ मध्यें बंदी आली.

दुसरी गोष्ट सांधेमोड. खालच्या थरांतील उभा सांधा वरच्या विटेच्या मध्याखालीं आला पाहिजे. असें केल्यानें एका विटेचा भार दोन विटांवर वांटला जातो. सांध्यावर सांधा आला कीं भिंत त्याच रेघेनें उकलते. ह्याकरितां एक थर पूर्ण विटेनें, तर त्यावरचा अर्ध्या विटेनें आरंभावा. कोपऱ्यावरील जी वीट एका बाजूस आपली लांबी दाखविते, तीच दुसऱ्या बाजूस आपलें डोकें दाखविते. म्हणून जे पुठ्ठ्याचे तुकडे चिकटवितील त्यांनीं कोपऱ्याचा तुकडा दुमडून दोहों बाजूंस न्यावा. खिडकीवर विटा अधांतरीं ठेवूं नका. तेथें फळी किंवा कमान द्या.

तिसरी गोष्ट रंग. भट्टींत सर्व विटा सारख्या भाजत नाहींत. कांहीं काळपट होतात, कांहीं फिकट राहतात. सांध्यांत पातळ चुना भरून वरचा लगेच ओल्या फडक्यानें पुसावा, व तो शुभ्र नसून करडा असावा. गिलावा पडल्याचें दाखवावयाचें तर जेथें पाणी मुरतें तेथेंच दाखवा: पागोळ्यांच्या माऱ्याखालीं आणि पायथ्याशीं. लोणाही जमिनीलगतच लागतो. भिंतीच्या प्रत्येक जखमेस कारण असतें. विनाकारण काढलेली भेग डोळा तत्काळ ओळखतो.

मित्रहो, संत योसेफ यांच्या धंद्याकरितां शुभवर्तमानांत जो ग्रीक शब्द आला आहे, त्यांत सुतार आणि घरें बांधणारा असे दोन्ही अर्थ सामावतात. ज्या हातांनीं आपलीं घरें बांधलीं, त्यांच्या विद्येस आपण हलकी समजत आलों, आणि तीच विद्या मजसारख्या शिकलेल्या मनुष्यास एका पुठ्ठ्याच्या भिंतीपुढें शिकावी लागली. येत्या शनिवारीं सायंकाळीं ते वृद्ध गवंडी शाळेच्या खोलींत येणार आहेत. त्यांच्यानें आतां थापी उचलवत नाहीं. परंतु एक सेंटिमीटरची वीट कोठें ठेवावी हें ते बोटानें दाखवितील. तुम्हीं यावें, आणि त्यांच्याजवळ बसावें. यंदा बाळ येशूच्या डोक्यावरील भिंत अशी असो कीं, तिच्याखालीं त्यास निजवितांना त्यांस काळजी वाटूं नये.

प्रभु तुमच्या हातांच्या कामास आशीर्वाद देवो.