मेंदूभोंवतालच्या रक्तस्रावानंतर

11 फेब्रुवारी 2011 रोजीं लंडन शहरांतील एका व्यायामशाळेंत एमिलिया क्लार्क ही 24 वर्षांची अभिनेत्री व्यायाम करीत असतां तिच्या मस्तकांत एकाएकीं असह्य कळ उठली. मेंदूच्या धमनीवरील फुगा फुटून मेंदूच्या आवरणाखालीं रक्त पसरलें होतें. मांडीच्या धमनींतून तार मेंदूपर्यंत नेऊन डॉक्टरांनीं तो फुगा बंद केला व जीव वाचला. परंतु सुमारें दोन आठवड्यांनीं परिचारिकेनें नेहमींप्रमाणें नांव विचारलें, तेव्हां पाठांतरावर जिचा चरितार्थ त्या बाईला स्वतःचें नांव सांगतां येईना. तोंडांतून शब्द निघत, पण त्यांना अर्थ नसे. ही अवस्था आठवडाभरांत ओसरली. 2019 सालीं तिनें ही हकीकत स्वतःच लिहिली, म्हणून ती जगाला कळली.

श्रोतेहो, सर्वांचेंच असें होत नाहीं. कित्येकांची वाचा शाबूत असते, हातपाय चालतात, आणि तरीहि आंत कांहीं तरी उणें पडलेलें असतें.

या फुग्याच्या मानेला चिमटा लावण्याची शस्त्रक्रिया वॉल्टर डँडी यांनीं 1937 सालीं बाल्टिमोर येथें प्रथम केली. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत, कवटी न उघडतां फुग्यांत प्लॅटिनमच्या बारीक तारेचीं वेटोळीं भरण्याचा उपाय आला. दोहोंची तुलना 2143 रोग्यांवर करण्यांत आली व तिचा निष्कर्ष 2002 सालीं प्रसिद्ध झाला. वर्षअखेरच्या प्रकृतीच्या दृष्टीनें तारेचा उपाय सरस ठरला. पुढें त्यांपैकीं उघड अपंगत्व नसलेल्या कित्येकांच्या बुद्धीची बारकाईनें परीक्षा घेतली, तेव्हां तारेनंतर शेंकडा सुमारें 27 व चिमट्यानंतर शेंकडा सुमारें 39 जणांत उणीव आढळली. फरक आहे खरा. पण दोन्ही मिळून सुमारें तिसरा हिस्सा बाधित आहे, हें अधिक विचार करण्याजोगें आहे. सगळा दोष शस्त्राचा नव्हे. फुटण्याच्या क्षणीं वाढलेला दाब, चौथ्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत रक्तवाहिन्या आकसण्याचें भय, मेंदूंत तुंबणारें पाणी, हीं सर्व आपापला वांटा घेतात. म्हणूनच निमोडिपीन नांवाचें औषध 21 दिवस देतात.

खरी अडचण घरीं आल्यावर सुरू होते. रोगी वार व तारीख बिनचूक सांगतो, वर्तमानपत्र वाचतो; शेजारी म्हणतात, "अगदीं पूर्वींसारखा झाला." पण बोलतां बोलतां दूध उतूं जातें. बेरीज मध्येंच तुटते, ओळखीचें नांव ओठांवर येऊन थांबतें आणि दुपारपर्यंत असा थकवा येतो कीं झोपेनेंहि तो जात नाहीं. मग घरांत आळसाचा शब्द निघतो! मेंदूच्या पुढील भागाजवळील, दोन्ही बाजूंच्या धमन्यांना जोडणार्‍या लहान धमनीवर फुगा असल्यास कधीं स्मृतींतील खिंडारें रोगी नकळत कल्पित हकीकतींनीं बुजवितो. ऐकणार्‍याला तें खोटें वाटतें. सांगणारा मात्र फसवीत नसतो.

वार, तारीख विचारण्याच्या ढोबळ परीक्षेंत हें सांपडत नाहीं. लक्ष, नियोजन व आठवण यांची स्वतंत्र चांचणी करून घ्यावी, आणि तीहि कामावर रुजू होण्यापूर्वीं. सुधारणा पहिल्या वर्षांत बरीच होते, पुढेंहि होत राहूं शकते. तोंवर एका वेळीं एकच काम, खिशांत टिपणवही, दुपारीं विसांवा आणि हिशेबाच्या कामावर दुसर्‍या कोणाची नजर, इतकी व्यवस्था घरच्यांना करतां येण्यासारखी आहे.