चांगला कोणता, कमकुवत कोणता? भावे-सुकथनकरांच्या चित्रपटांवरून झालेलं आपलं भांडण

(आमच्या गटाच्या दोन दिवसांच्या शिबिरात सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचे ‘दोघी’, ‘नितळ’ आणि ‘अस्तु’ हे तीन चित्रपट एकत्र पाहिले. दुसऱ्या दिवशी चर्चेची सुरुवात करताना एका कार्यकर्तीने केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. — संपादक मंडळ)

मैत्रिणींनो,

काल रात्री साडेअकराला हॉलचे दिवे बंद करायला काका आले, तेव्हा आपल्यापैकी निम्म्याजणी उभ्या राहून बोलत होत्या आणि उरलेल्या त्यांना खाली बसवत होत्या. काकांनी मला विचारलं, “ताई, काही झालं का?” म्हटलं, “नाही हो, सिनेमावरून चाललंय.” त्यांना ते खरं वाटलं नसावं. भांडण साधंच होतं. या जोडीचा सर्वांत चांगला चित्रपट कोणता आणि सर्वांत कमकुवत कोणता? आज सकाळी त्यावर मीच बोलावं असं ठरलं, कारण काल सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

आधी थोडी माहिती सांगते, कारण आपल्यात नव्या मुली बऱ्याच आहेत. सुमित्रा भावे मूळच्या सिनेमावाल्या नव्हत्या. १९४३ साली पुण्यात जन्मलेल्या या बाई समाजशास्त्राच्या अभ्यासक. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकलेल्या, पुण्यात समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना शिकवलेलं. वस्तीतल्या बायकांच्या आयुष्यावर त्या संशोधन करत होत्या. आठ दलित स्त्रियांनी सांगितलेल्या जीवनकथांचं त्यांचं पुस्तक ‘पॅन ऑन फायर’ या नावानं १९८८ साली इंग्रजीत आलं. पण ज्यांनी हे सगळं सांगितलं, त्यांतल्या अनेकींना वाचता येत नव्हतं. मग ते परत त्यांच्यापर्यंत कसं न्यायचं? या अडचणीतून १९८५ साली ‘बाई’ हा लघुपट झाला आणि १९८७ साली ‘पाणी’. दोन्हींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. सुनील सुकथनकर वयानं त्यांच्याहून बरेच लहान, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. ते जोडीला आले आणि १९९५च्या ‘दोघी’पासून ही दोन नावं मराठीत जोडूनच घेतली जाऊ लागली. सुमित्रा भावे १९ एप्रिल २०२१ रोजी गेल्या. म्हणजे आता ही यादी पूर्ण झालेली आहे, आणि तिच्याकडे सलग बघता येतं.

आता भांडणाकडे वळते.

माझ्या मते त्यांचा सर्वांत चांगला चित्रपट ‘दोघी’. काल आपण तो पाहिलाच. गौरीचं लग्न ठरलंय, दारात मांडव आहे आणि येणारं वऱ्हाड अपघातात सापडतं. नवरामुलगाही जातो. त्या क्षणापासून गावाच्या लेखी ही मुलगी पांढऱ्या पायाची. तिनं काय केलं? काहीही नाही. ती फक्त वाट बघत होती. पुढे वडील खचतात, घरात खायची भ्रांत पडते, आणि मामा तिला मुंबईला नेतो. ती कुठे गेली हे घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. तिचे पैसे मात्र येत राहतात. त्या पैशावर घर उभं राहतं आणि धाकट्या कृष्णाच्या लग्नाची तयारी होते. ज्या हातांनी आई ते पैसे घेते, त्या हातांना लेकीला जवळ घेणं मात्र जड जातं.

उत्तरा बावकरांनी केलेली ती आई बघताना काल इथे सगळ्या गप्प होत्या. ती आई दुष्ट नाही. पण चित्रपट तिला सोडतही नाही. मामाला सोडत नाही, गावाला सोडत नाही. गौरीवर अन्याय झालाय, तो कुणी केला हे आपल्याला दिसतं, आणि करणारे सगळे आपल्या ओळखीचे आहेत. म्हणून मी त्याला चांगला म्हणते.

आता कमकुवत. काल मी ‘नितळ’चं नाव घेतलं आणि खरी ठिणगी तिथेच पडली. माझं म्हणणं असं होतं. २००६ सालचा हा चित्रपट कोडावर आहे. त्यातली नीरजा डॉक्टर आहे, हुशार आहे, मोकळी आहे, सुसंस्कृत आहे. तिच्यात खोट काढायला जागाच ठेवलेली नाही. देविका दफ्तरदारनं काम उत्तम केलंय, त्याबद्दल वाद नाही. पण मला विचारावंसं वाटलं, की नववीत नापास झालेली, चिडकी, चारचौघींसारखी मुलगी असती आणि तिच्या अंगावर कोड असतं तर? तिला त्या घरानं सून म्हणून कसं बघितलं असतं? बाईनं आधी गुणांची शंभर टक्के हजेरी लावायची आणि मग तिच्या अंगावरचा डाग माफ व्हायचा, हा सौदा मला मान्य नाही.

मी हे बोलून खाली बसले. मग मागच्या रांगेतून आपली एक मैत्रीण उठली. ती आपल्यात कितीतरी वर्षांपासून आहे. ऐन मे महिन्यातही ती पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय आणि कुणीच कधी विचारलेलं नाही. तिनं काल बाह्या वर केल्या. म्हणाली, “तुम्हांला तिचं डॉक्टर असणं खटकलं. मला पडद्यावर पहिल्यांदा अंगावर डाग असलेली नायिका दिसली. तिच्याकडे कुणीतरी प्रेमानं बघत होतं. मी तो सिनेमा तीनदा पाहिला. तिन्ही वेळा एकटीनं.”

मैत्रिणींनो, मी रात्रभर त्यावर विचार केला. माझा मुद्दा मी मागे घेत नाही. पण मी तो ज्या सुरात मांडला, तो सूर मागे घेते. आपण इतकी वर्षं एकत्र काम करतो, मोर्चे काढतो, आणि शेजारी बसणाऱ्या बाईच्या बाह्यांबद्दल बोलायला एक सिनेमा लागला. मी ज्याला सगळ्यांत कमकुवत म्हटलं, त्यानं ते काम केलं. हे नोंदवलं पाहिजे.

तिसरा वाद ‘अस्तु’वरून झाला. डॉ. मोहन आगाशे यांनी केलेले चक्रपाणी शास्त्री म्हणजे संस्कृतचे मोठे पंडित. त्यांना स्मृतिभ्रंश झालाय. ते गाडीतून उतरून हत्तीच्या मागे चालू लागतात आणि हरवतात. मुलगी इरा त्यांना शोधत फिरते. इकडे माहुताची बायको चन्नम्मा या अनोळखी म्हाताऱ्याला आपल्या मुलासारखं सांभाळते आणि ते तिला आई म्हणू लागतात. या भूमिकेसाठी अमृता सुभाषला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट संपला तेव्हा बऱ्याचजणींचे डोळे ओले होते. माझेही होते. माझ्या सासूबाईंचं मी सहा वर्षं केलं. शेवटची दोन वर्षं त्या मला ओळखत नव्हत्या, आणि खरं सांगते, मी चन्नम्मा नव्हते. मी दार लावून रडायचे. कधी ओरडायचेही. म्हणून हा चित्रपट बघताना मला एकीकडे भरून आलं आणि दुसरीकडे आपण कमी पडलो असं वाटलं.

तेव्हा आपल्यातली जी लोकांच्या घरी पेशंट सांभाळायला जाते, ती म्हणाली, “ताई, चन्नम्माकडे तो म्हातारा पाहुणा म्हणून आला होता. माझ्याकडे बारा तासांची ड्यूटी असते, रोज. पाहुण्याला कुणीही जीव लावतं.”

यावर मला काही बोलता आलं नाही. चित्रपटात इराची दमणूक आहे, तिची अपराधी भावनाही आहे, हे मान्य. पण शेवटी मनात राहते ती चन्नम्मा, गरीब, अडाणी आणि न थकणारी. सेवा हा बाईचा स्वभाव असल्यासारखी. जी सेवा बाई फुकट करते किंवा कमी पैशात करते, तिला स्वभाव म्हटलं की पैशाचा आणि सुट्टीचा प्रश्नच उरत नाही.

आता मला जे मुख्य सांगायचंय, ते सांगते. सगळी यादी समोर ठेवली तर एक प्रवास दिसतो. ‘बाई’ वस्तीतून निघाला. १९९२चा ‘चाकोरी’ परित्यक्तेचा. नवऱ्यानं टाकलेली बाई सायकल शिकते, एवढीच गोष्ट. परित्यक्तांच्या प्रश्नावर १९८८ साली संगमनेरला परिषद झाली होती, तेव्हापासून आपण ज्यावर बोलत होतो, तेच त्यांनी सायकलच्या दोन चाकांवर दाखवलं. मग ‘दोघी’. त्यानंतर हळूहळू प्रश्न बदलत गेला. ‘देवराई’त स्किझोफ्रेनिया, ‘अस्तु’त स्मृतिभ्रंश, ‘कासव’मध्ये नैराश्य. ‘कासव’ला तर २०१६ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. हे प्रश्न छोटे नाहीत. मनाच्या आजाराबद्दल मराठीत इतक्या समजुतीनं फार कमी लोक बोलले आहेत. पण या चित्रपटांत दोषी कुणी नसतं. आजार असतो, आणि त्याच्याभोवती समजूतदार माणसं असतात. घरंही बहुतेक पुस्तकांच्या कपाटांची असतात. ‘एक कप च्या’मधला एसटी कंडक्टर आणि ‘दिठी’तला लोहार रामजी हे अपवाद आहेत, आणि ते मला फार आवडतात.

२०१९चा ‘वेलकम होम’ घ्या. सौदामिनी मुलीला घेऊन नवऱ्याच्या घरातून निघते आणि विचारते, माझं घर कोणतं? हा तर आपल्या केंद्रात रोज येणारा प्रश्न. पण तिच्यामागे शिक्षण आहे आणि तिला घरात घेणारे आईवडील आहेत. आपल्याकडे येणारी बाई एक पिशवी घेऊन येते, आणि माहेरच्या दारात वहिनी उभी असते. या प्रश्नाला कायद्यातही उत्तरं आहेत. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ साली झाली आणि देशात २००५ साली. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५च्या कायद्यानं सासरच्या घरात राहण्याचा हक्क दिला. पण चित्रपटात घराचा प्रश्न मनाचा होतो, सातबाऱ्याचा होत नाही.

मी हे त्यांना दोष द्यायला सांगत नाही. मैत्रिणींनो, आपलंही हेच झालंय. आपण १९८०च्या सुमारास मथुरा प्रकरणात रस्त्यावर उतरलो. १९८३ साली ४९८अ आलं. आज ते भारतीय न्याय संहितेचं ८५वं कलम आहे. १९८४ साली मुंबई पोलिसांमध्ये टाटा संस्थेच्या पुढाकारानं महिलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. तिथून पुढे केंद्रं आली, समुपदेशन आलं. ते हवंच होतं. पण आता आमच्या खोलीत बाई आली की आम्ही आधी विचारतो, “तुला काय वाटतं?” एके काळी आम्ही विचारत होतो, “कुणी केलं?” पहिला प्रश्न दुसऱ्याची जागा घेऊ लागला, की सगळेच समजूतदार होतात आणि मार मात्र कुणी खाल्ला हे विसरायला होतं. काल मी ‘नितळ’वर चिडले, तेव्हा थोडी स्वतःवरच चिडले होते.

पण बाह्या वर करणाऱ्या मैत्रिणीनं मला हेही शिकवलं, की “कुणी केलं” एवढंच विचारून भागत नाही. तिला आधी कुणीतरी नीट बघायला हवं होतं. म्हणून मला ‘दोघी’चा राग हवा आणि ‘नितळ’ची नजरही हवी. यातला सर्वांत चांगला कोणता, याचं माझं उत्तर अजून ‘दोघी’च आहे. तुमचं वेगळं असू दे.

शेवटी एक विनंती. आपापल्या गावी, वस्तीत हे चित्रपट दाखवा. भाषण देऊ नका. दाखवून झालं की तीन गोष्टी विचारा: यात तुम्ही कोण होतात? जे झालं ते कुणी केलं? आणि त्या बाईच्या जागी तुम्ही असता तर दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे गेला असतात? पहिल्या प्रश्नाला वेळ द्या, दुसऱ्याला घाबरू नका. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं लिहून घ्या आणि पुढच्या शिबिराला घेऊन या. आपलं काम त्यातूनच ठरेल.

काकांना सांगून ठेवलंय, आज रात्रीही दिवे उशिराच बंद होतील. आता तुम्ही बोला.