विमान उतरलं, पण हप्ता कोण भरणार?

 

आज आपण विमानतळावर बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, आम्ही लोकलला लटकणाऱ्या बायका, आमचा आणि विमानतळाचा काय संबंध? संबंध आहे. आपल्या कितीतरी घरांचं मूळ गाव कोकणात आहे, आणि कोकणात सिंधुदुर्ग जिल्ह्यात चिपी इथे विमानतळ झाला आहे. तो झाल्यापासून आपल्या गटांच्या सभेत एक वाक्य वारंवार ऐकू येतं, "ताई, आता गावाला पर्यटक येणार, काहीतरी धंदा टाकूया." या वाक्याचाच आज हिशोब मांडायचा आहे.

त्याआधी आपल्या शेजारचं बघूया. हाजीमलंगच्या रस्त्याने कधी गेला असाल तर नेवाळीची धावपट्टी तुम्हाला माहीत असेल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन ती बांधली. युद्ध संपलं, पण जमिनीचा प्रश्न संपला नाही. २०१७ च्या जून महिन्यात तिथे कुंपणाच्या भिंतीवरून आंदोलन पेटलं, तेव्हा आपल्याकडचे रस्ते बंद झाले होते, हे अनेकींना आठवत असेल. तिथून ना कुणी प्रवासी उडाला, ना कुणाचं दुकान चाललं. म्हणजे धावपट्टी झाली की गावाचं भलं होतंच, असं नाही. कुणाची जमीन गेली आणि कुणाच्या हाती काय आलं, हे विचारावंच लागतं.

आता चिपीकडे येऊ. वेंगुर्ला तालुक्यात, परुळ्याच्या जवळ, कातळाच्या सड्यावर हा विमानतळ आहे. धावपट्टी अडीच हजार मीटरची, म्हणजे अडीच किलोमीटर. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी त्याचं उद्घाटन झालं आणि त्याच दिवशी मुंबईहून पहिलं प्रवासी विमान उतरलं. अलायन्स एअरचं, पंख्यांचं, साधारण सत्तर माणसं बसतील एवढं. रेल्वेने रात्र घालवून जायचं ते गाव सव्वा-दीड तासावर आलं. सिंधुदुर्ग हा १९९७ सालापासून शासनाने जाहीर केलेला पर्यटन जिल्हा. मालवणसमोर कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी बांधलेला किल्ला, तारकर्लीचा किनारा, देवबागची खाडी. पर्यटक येणार, असं सगळ्यांना वाटलं, आणि वाटण्यात चूक काहीच नव्हती.

हे विमान स्वस्त कसं होतं, तेही समजून घेऊया. केंद्र सरकारची 'उडान' नावाची योजना आहे. लहान गावांना विमान मिळावं म्हणून विमानातल्या काही जागांचं भाडं ठरावीक मर्यादेत ठेवायचं. योजना सुरू झाली तेव्हा तासाभराच्या प्रवासाला ही मर्यादा अडीच हजार रुपयांची होती. त्यात कंपनीला जो तोटा होईल तो सरकारी मदतीतून भरून द्यायचा. पण ही मदत कायमची नसते, साधारण तीन वर्षांची असते. तेवढ्या काळात प्रवाशांची सवय लागावी आणि पुढे विमान स्वतःच्या पायावर चालावं, असा त्यामागचा विचार.

बायांनो, हे आपल्याला नवीन आहे का? गटाला फिरता निधी मिळतो तो एकदाच. पुढे गट आपल्या बचतीवर आणि कर्जफेडीवर चालवायचा असतो. जो गट निधी संपल्यावरही सभा घेतो, तोच टिकतो. विमानाचंही तसंच आहे.

चिपीत काय झालं? ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालेली मुंबईची सेवा तीन वर्षांची मुदत भरल्यावर ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाली. त्याच वर्षी फ्लाय नाइन्टीवन या गोव्याच्या कंपनीची हैदराबाद, बेंगळुरू आणि पुण्याची विमानं चिपीला येऊ लागली होती. म्हणजे विमानतळ बंद पडला नाही, पण आपल्या मुंबई-ठाण्याच्या माणसाचं विमान गेलं. शिवाय जानेवारी २०२३ पासून शेजारच्या गोव्यात मोपाचा नवा विमानतळ सुरू झाला. सावंतवाडी, बांदा, शिरोड्याकडे जाणारा पर्यटक तिथेही उतरू शकतो.

जगात दुसरीकडे काय होतं, हेही बघूया. ग्रीस देशात स्कियाथोस नावाचं लहानसं बेट आहे. वस्ती सहा हजारांच्या आसपास. तिथली धावपट्टी चिपीपेक्षा खूप आखूड, साधारण सोळाशे मीटरची. एका टोकाला समुद्र, रस्ता अगदी लागून, आणि विमान इतकं खालून येतं की ते बघायलाच लोक रस्त्यावर उभे राहतात. तरी उन्हाळ्यात तिथे युरोपातून विमानांवर विमानं येतात, कारण येणाऱ्या माणसाला तिथे राहायचं असतं, खायचं असतं, समुद्रात डुंबायचं असतं. थंडी पडली की विमानं अगदी कमी होतात. मग बेटावरची माणसं उन्हाळ्याच्या कमाईवर वर्ष काढतात. २०१७ मध्ये ग्रीस सरकारने असे १४ लहान विमानतळ एका खाजगी कंपनीकडे ४० वर्षांसाठी चालवायला दिले, त्यात हाही होता.

त्यातून आपण दोन गोष्टी घ्यायच्या. एक, लांब धावपट्टी असली म्हणून विमान येत नाही, माणसांना यावंसं वाटलं तर येतं. दुसरी, पर्यटनाचा धंदा वर्षाचे बारा महिने नसतो. त्यांच्याकडे हिवाळा रिकामा, आपल्याकडे पावसाळा. मे अखेरीस मालवणची किल्ल्याची होडी आणि समुद्रातले खेळ बंद होतात, ते पाऊस सरल्यावर सुरू होतात. ते महिने खोली रिकामी राहते, पण बँकेचा हप्ता रिकामा राहत नाही.

आता आमच्या गटातली गोष्ट. २०२२ मध्ये बदलापूरच्या आमच्या एका ताईने सभेत विषय मांडला. सासर मालवण तालुक्यात. घरात सासूबाई आणि जाऊबाई. मागच्या पडवीशेजारी दोन नव्या खोल्या बांधायच्या, पर्यटकांना द्यायच्या, त्यासाठी तीन लाखांचं कर्ज हवं. बऱ्याच जणींनी लगेच माना डोलावल्या. आम्ही म्हटलं, ठराव पुढच्या सभेत करू, आज फक्त फळ्यावर हिशोब करू.

तीन लाख, तीन वर्षं, बारा टक्के व्याज. हप्ता महिन्याला साधारण दहा हजार, वर्षाला एक लाख वीस हजार. खोलीचं एका रात्रीचं भाडं हजार रुपये धरलं. चादरी धुणं, वीज, पाणी, चहा, साफसफाई वजा केली तर हातात सहाशे राहतात. मग नुसता हप्ता भरायला वर्षाला दोनशे रात्री भराव्या लागतात. दोन खोल्या म्हणजे प्रत्येकीला शंभर. पावसाळा वगळला तर हंगाम आठ महिन्यांचा, त्यात शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ आणि मे महिनाच खरा. म्हणजे सगळं सुरळीत झालं तर हप्ता फिटेल, आणि जाऊबाईंच्या कष्टाचा मोबदला शून्य.

मग आम्ही तीन प्रश्न विचारले. घर आणि घरपट्टी कुणाच्या नावावर आहे? खोली चालवणार कोण, आणि तिला तिचा वाटा किती? उद्या विमान बंद झालं तर पाहुणा कसा येईल? पहिल्या प्रश्नाला ताई गप्प झाली, कारण घर तीन भावांचं सामाईक होतं. दुसऱ्या प्रश्नाचा तर कुणी विचारच केला नव्हता. जाऊबाईंना फोन लावला तेव्हा त्या म्हणाल्या, "माका कोणी विचारलाच नाय."

शेवटी ठरलं असं, की नवी खोली बांधायची नाही. घरातली आहे तीच एक खोली दुरुस्त करायची आणि स्वच्छ संडास-न्हाणीघर करायचं. गटाच्या अंतर्गत निधीतून चाळीस हजार दिले. भावांची लेखी संमती घेतली. आणि जेवण हा वेगळा व्यवसाय जाऊबाईंच्या नावाने धरला. माशाचं ताट, घावणे, सोलकढी. याचे पैसे थेट त्यांच्या खात्यात. खोलीपेक्षा जेवणाचंच उत्पन्न जास्त झालं. कारण जेवायला शेजारच्या लॉजवरचे पाहुणेही येऊ लागले. मुंबईचं विमान थांबलं तेव्हा पाहुणे कोकणकन्येने आणि स्वतःच्या गाड्यांनी येत राहिले. कर्ज फिटलं आहे. तीन लाखांच्या हप्त्याचं ओझं असतं तर जाऊबाईंनी ते कसं पेललं असतं, हे आम्हाला सांगता येत नाही.

याचा अर्थ विमानतळाकडे पाठ फिरवा, असा नाही. संधी आहेत, त्या ओळखून घ्या.

पहिली संधी, विक्रीची. भारतीय विमानतळ प्राधिकरण जे विमानतळ स्वतः चालवतं, तिथे महिला बचत गटांसाठी 'अवसर' नावाची योजना २०२२ पासून आहे. शंभर ते दोनशे चौरस फुटांची जागा गटांना आळीपाळीने साधारण पंधरा दिवस मिळते. आपल्या राज्यात पुणे, कोल्हापूर हे प्राधिकरणाचे विमानतळ. चिपी आणि मुंबई खाजगी कंपन्या चालवतात, तिथे त्या कंपनीकडेच विचारावं लागेल. अर्ज करताना आपल्या तालुका किंवा शहर अभियान कक्षाची मदत घ्या.

दुसरी गोष्ट, मालाची. विमानाच्या प्रवाशाकडे साधारण पंधरा किलोचं सामान आणि हातात सात किलोची पिशवी. तो पाच किलोची बरणी घेणार नाही. शंभर-दोनशे ग्रॅमची घट्ट बंद पाकिटं करा. कोकमाचं आगळ बाटलीत सांडतं, त्यापेक्षा सुकी आमसुलं बरी. मसाला, कुळथाचं पीठ, काजू चालतात. सुकं खोबरं मात्र विमानाच्या सामानात नको, ते पेट घेणारं म्हणून अडवतात. पाकिटावर गटाचं नाव, वजन, तारीख आणि अन्न सुरक्षा नोंदणीचा क्रमांक हवाच. छोट्या व्यवसायाला साधी नोंदणी पुरते.

तिसरी गोष्ट, राहण्याच्या सोयीची. पर्यटन विभागाकडे न्याहारी-निवास म्हणून घराची नोंदणी होते. महिलांसाठी २०२३ पासून 'आई' नावाचं पर्यटन धोरण आहे. त्यात पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज मर्यादेत परत मिळण्याची तरतूद आहे. पण लक्षात ठेवा, व्याज परत मिळतं, मुद्दल आपल्यालाच फेडायचं असतं. म्हणून आधी फळा, मग अर्ज.

आणि पाहुणे म्हणून स्वतः विमानाने जाणार असाल तर तोही हिशोब करा. बदलापूरहून घाटकोपर, तिथून मेट्रो, मग विमानतळ, दोन तास आधी हजर. पलीकडे चिपीहून गावापर्यंत रिक्षा किंवा गाडी. तासाभराचं उड्डाण अर्ध्या दिवसाचं होतं. म्हाताऱ्या माणसाला किंवा आजाऱ्याला तरी ते बरं पडतं, यात शंका नाही. त्या दिवशी विमान आहे का, हे मात्र आधी विचारून घ्या.

पुढच्या मासिक सभेत प्रत्येक गटाने एक काम करावं. व्यवसायासाठी मोठं कर्ज मागणारी एखादी मैत्रीण असेल तर तिच्यासोबत फळ्यावर हप्ता लिहा, रिकामे महिने लिहा, राबणारी कोण ते लिहा, आणि घर कुणाच्या नावावर ते लिहा. मग ठराव करा. तिला नाही म्हणायला नव्हे, तर उद्या ती एकटी पडू नये म्हणून.